सूर्य मोजणारी विदुषी : अ‍ॅना मणी

तमिळनाडूतील कावेरीकाठचे कुंभकोणम हे मंदिरांचे नगर म्हणून प्रसिद्ध आहे. या नगराजवळच सूर्यनारकोविल हे चोळकालीन सूर्यमंदिर आहे. नगरातील नागेश्वर मंदिरात दरवर्षी चित्रै महिन्यातील काही दिवस सूर्याचे किरण थेट गाभाऱ्यातील शिवलिंगापर्यंत पोहोचतात. कोल्हापूरच्या अंबाबाईच्या मंदिरातील किरणोत्सव तर मराठी माणसाला सुपरिचित आहे. ही मंदिरे बांधणाऱ्या स्थपतींना सूर्याची वाट अचूक ठाऊक होती. कोणत्या दिवशी, कोणत्या दिशेने, किती उंचीवरून किरण येतील, हे त्यांनी दगडात कोरून ठेवले. मात्र त्या किरणांबरोबर किती उष्णता येते, जमिनीच्या एका चौरस मीटरवर दिवसभरात सूर्य किती ऊर्जा ओततो, आणि कुंभकोणमच्या वाट्याला किती व पुण्याच्या वाट्याला किती येते, या प्रश्नांची विश्वासार्ह उत्तरे भारताजवळ विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत नव्हती. ही उत्तरे मिळवून देण्यात ज्यांचा सिंहाचा वाटा आहे, त्या विदुषीचे नाव अ‍ॅना मणी. त्यांच्या आयुष्यातील उमेदीची वीस वर्षे पुण्यात गेली. तरीही महाराष्ट्रात त्यांचे नाव व्हावे तितके घरोघरी झालेले नाही.

अ‍ॅना मणी यांचा जन्म २३ ऑगस्ट १९१८ रोजी त्या वेळच्या त्रावणकोर संस्थानातील पीरमेड या डोंगराळ गावी झाला. कुटुंब सधन सिरियन ख्रिश्चन होते. वडील स्थापत्य अभियंता होते आणि त्यांच्या मालकीचे वेलदोड्याचे मळे होते. आठ भावंडांत अ‍ॅना सातवी. त्या काळच्या रीतीप्रमाणे घरातील मुलांना उच्च व्यवसायासाठी तयार केले जाई, तर मुलींना संसारासाठी. अ‍ॅनाने मात्र फार लवकर पुस्तकांची वाट धरली. वयाच्या आठव्या वर्षापर्यंत तिने गावच्या सार्वजनिक ग्रंथालयातील बहुतेक सर्व मल्याळम पुस्तके वाचून संपवली आणि बाराव्या वर्षापर्यंत इंग्रजी पुस्तकेही. घरातील प्रथेनुसार मुलीला आठव्या वाढदिवशी हिऱ्यांच्या कुड्या मिळत. अ‍ॅनाने त्या नाकारल्या आणि त्यांच्याऐवजी एन्सायक्लोपीडिया ब्रिटानिका हा ज्ञानकोश मागितला. पुढे याच मुलीने हिऱ्यांवर संशोधन करावे, हा एक विलक्षण योगायोग म्हणावा लागेल.

याच सुमारास वायकोम येथील मंदिराभोवतीच्या रस्त्यांवरून सर्व जातींच्या लोकांना जाता यावे, यासाठी सत्याग्रह सुरू होता. १९२५ मध्ये महात्मा गांधी तेथे आले. सहा-सात वर्षांच्या अ‍ॅनाच्या मनावर या घटनांचा खोल ठसा उमटला. तिने खादी स्वीकारली. आपल्या देशाला जे हवे ते आपल्या हातांनी घडवावे, हा स्वदेशीचा संस्कार तिने आयुष्यभर जपला. पुढे पुण्याच्या कार्यशाळेत त्याला पितळ, काच आणि पोलाद यांचे रूप लाभणार होते.

मद्रासच्या प्रेसिडेन्सी कॉलेजातून १९३९ मध्ये त्यांनी भौतिकशास्त्र आणि रसायनशास्त्र या विषयांत ऑनर्ससह बी. एस्सी. पदवी मिळवली. १९४० मध्ये शिष्यवृत्ती मिळाली आणि बंगळूर येथील भारतीय विज्ञान संस्थेत सर चंद्रशेखर वेंकट रामन यांच्या प्रयोगशाळेत त्यांना प्रवेश मिळाला. या संस्थेचे दार स्त्रियांसाठी सहज उघडलेले नव्हते. त्यापूर्वी सातच वर्षे, १९३३ मध्ये, मुंबईच्या कमला भागवत यांना, म्हणजे दुर्गाबाई भागवतांच्या भगिनी आणि पुढच्या डॉ. कमला सोहोनी यांना, याच संस्थेत केवळ स्त्री म्हणून प्रवेश नाकारला गेला होता. त्यांनी हट्ट धरून, अटी सोसून तो मिळवला. अ‍ॅना मणी यांच्या वेळेसही प्रयोगशाळेत स्त्रिया एका हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्याच होत्या, आणि पुरुष सहकाऱ्यांशी मोकळी चर्चा करण्याची मुभा त्यांना फारशी नव्हती. विज्ञान वादातून वाढते. तेथे अ‍ॅना मणी यांना बहुतांशी एकटीनेच विचार करावा लागला.

त्यांचा विषय होता हिरे आणि माणके यांच्यातून निघणाऱ्या प्रकाशाचा अभ्यास. तीसहून अधिक हिऱ्यांचे वर्णपट त्यांनी नोंदवले. एका छायाचित्रासाठी कधी कधी पंधरा ते वीस तास काचपट्टीवर प्रकाश पडू द्यावा लागे. त्यासाठी त्या अनेकदा रात्री प्रयोगशाळेतच काढत. १९४२ ते १९४५ या काळात त्यांनी या विषयावर पाच शोधनिबंध एकटीच्या नावाने प्रसिद्ध केले. ऑगस्ट १९४५ मध्ये त्यांनी डॉक्टरेटसाठी आपला प्रबंध मद्रास विद्यापीठाला सादर केला.

ही पदवी त्यांना मिळाली नाही. त्यांच्याजवळ एम. एस्सी. नाही, एवढेच कारण विद्यापीठाने दिले. ऑनर्सची पदवी, शिष्यवृत्ती, पाच वर्षांचे संशोधन आणि प्रसिद्ध झालेले निबंध या नियमापुढे निरुपयोगी ठरले. तो प्रबंध आजही बंगळूरच्या रामन संशोधन संस्थेच्या ग्रंथालयात आहे. इतक्या वर्षांच्या श्रमांनंतर आलेला हा नकार एखाद्याला कायमचा कडवट करून गेला असता. अ‍ॅना मणी यांनी मात्र त्याचा बाऊ केला नाही. नावामागे डॉक्टर ही उपाधी नाही म्हणून त्यांनी काम थांबवले नाही, आणि पुढे त्या ज्या पदांवर पोहोचल्या तेथे ती उपाधी नसल्यामुळे काही अडलेही नाही.

त्याच वर्षी भारत सरकारच्या शिष्यवृत्तीवर त्या इंग्लंडला गेल्या. इच्छा भौतिकशास्त्रातच पुढे संशोधन करण्याची होती. पण लंडनच्या इंपीरिअल कॉलेजात प्रशिक्षणाची जी संधी उपलब्ध होती ती हवामानशास्त्रीय उपकरणांची. मिळाले ते त्यांनी मन लावून शिकून घेतले. हे दुय्यम वाटणारे वळणच त्यांच्या जीवनकार्याचा आरंभ ठरले.

१९४८ मध्ये त्या स्वतंत्र भारतात परतल्या आणि पुण्याच्या भारतीय हवामान खात्यात रुजू झाल्या. १९२८ मध्ये या खात्याचे मुख्यालय सिमल्याहून पुण्यास आले, तेव्हापासून शिवाजीनगरची ती दगडी इमारत पुणेकरांच्या तोंडी सिमला ऑफिस या नावानेच रुळली आहे. १९४४ मध्ये मुख्यालय दिल्लीला गेले, तरी उपकरणांचा विभाग पुण्यातच राहिला. त्या वेळेपर्यंत साधे तापमापक आणि वायुभारमापकसुद्धा इंग्लंडहून आणावे लागत. विभागाचे प्रमुख एस. पी. वेंकटेश्वरन यांनी ही उपकरणे देशातच घडवण्याचा संकल्प सोडला होता. अ‍ॅना मणी यांनी तो आपला मानला. त्यांच्या हाताखाली शंभराहून अधिक पुरुष तंत्रज्ञ आणि कारागीर होते. त्यांनी सुमारे शंभर निरनिराळ्या उपकरणांचे प्रमाणित आराखडे तयार केले आणि त्यांचे उत्पादन सुरू केले. पर्जन्यमापक असो की वायुवेगमापक, देशातील कोणत्याही दोन वेधशाळांतील उपकरणे एकाच मापाने बोलली पाहिजेत, यासाठी त्यांचा कटाक्ष असे. चुकीचे मोजमाप करण्यापेक्षा मोजमाप न केलेले बरे, अशी त्यांची धारणा होती. न मोजलेले अज्ञान निदान प्रामाणिक असते. चुकीचा आकडा मात्र ज्ञानाचा वेश घेऊन येतो आणि पुढच्या प्रत्येक गणितात विष कालवतो.

त्यांच्या कार्याचे मर्म समजण्यासाठी शालेय विज्ञानातील एका धड्याची उजळणी पुरेशी आहे. उष्णता तीन प्रकारे प्रवास करते. आमटीत ठेवलेल्या पळीचा दांडा हळूहळू तापतो, ते वहन. पातेल्यातील तळचे पाणी तापून वर येते आणि वरचे थंड पाणी खाली जाते, ते अभिसरण. शेकोटीसमोर धरलेल्या तळहाताला मधल्या हवेची वाट न पाहता जी ऊब लागते, ते प्रारण. वहनाला आणि अभिसरणाला पदार्थाचे माध्यम लागते. प्रारणाला ते लागत नाही. सूर्य आणि पृथ्वी यांच्यामध्ये सुमारे पंधरा कोटी किलोमीटरची पोकळी आहे, म्हणून सूर्याची ऊर्जा पृथ्वीवर केवळ प्रारणानेच येऊ शकते.

प्रत्येक वस्तू आपल्या तापमानानुसार प्रारण बाहेर टाकत असते. निरपेक्ष तापमान दुप्पट झाले तर बाहेर पडणारी ऊर्जा सोळा पट होते. सूर्याच्या पृष्ठभागाचे तापमान सुमारे ५,८०० केल्विन असल्याने त्याचे प्रारण मुख्यतः आखूड तरंगलांबीचे, म्हणजे दृश्य प्रकाशाच्या आसपासचे असते. तापलेली जमीन मात्र कितीतरी लांब तरंगांची, डोळ्यांना न दिसणारी अवरक्त उष्णता परत आकाशाकडे पाठवते. हिवाळ्यातील निरभ्र रात्री नाशिक जिल्ह्यातील द्राक्षबागायतदार बागेत शेकोट्या पेटवून जागत बसतात, त्याचे कारण हेच. ढगांची दुलई नसली की जमिनीची उष्णता प्रारणाने थेट आकाशात निघून जाते आणि पहाटे घडांवर थंडीचा घाला पडतो. येणारे प्रारण जेवढे महत्त्वाचे तेवढेच जाणारेही. अ‍ॅना मणी यांनी दोन्हींच्या मोजमापाचे काम हाती घेतले.

वातावरणाच्या बाहेर, सूर्याकडे सरळ तोंड करून धरलेल्या एका चौरस मीटरवर सुमारे १,३६१ वॉट इतकी सौर ऊर्जा पोहोचते. जमिनीवर येईपर्यंत तिच्यातील काही भाग ढग परतवतात, काही भाग वाफ, ओझोन आणि धूळ शोषून घेतात, तर काही भाग विखुरला जाऊन साऱ्या आकाशातून आपल्याकडे येतो. निरभ्र दिवशी भर दुपारी जमिनीवर साधारण १,००० वॉट उरतात. हा हिशेब स्थळ, ऋतू आणि तास यांप्रमाणे बदलतो. म्हणूनच तो पुस्तकातून काढता येत नाही. तो जागेवर जाऊन, वर्षानुवर्षे मोजावा लागतो.

हे मोजणारे प्रमुख उपकरण म्हणजे पायरॅनोमीटर. काचेच्या घुमटाखाली एक काळी पृष्ठिका असते. ऊन पडताच ती तापते. तिच्या आणि उपकरणाच्या थंड भागाच्या तापमानातील फरकामुळे दोन भिन्न धातूंच्या तारांच्या सांध्यांत अल्पसा विद्युत्दाब निर्माण होतो आणि त्यावरून ऊर्जा कळते. काचेचा घुमट सूर्याचे किरण आत येऊ देतो, पण वाऱ्याने उष्णता पळवू देत नाही. थेट सूर्यबिंबाकडून येणारे किरण मोजण्याची अँगस्ट्रॉमची पद्धत तर अधिक मोहक आहे. दोन सारख्या काळ्या पट्ट्यांपैकी एक उन्हात धरायची, दुसरी सावलीत ठेवून विजेने तापवायची. दोन्हींचे तापमान एक झाले की जितकी वीज लागली तितकीच सूर्याची ऊर्जा. तराजूच्या एका पारड्यात सूर्य आणि दुसऱ्यात वीज ठेवून केलेले हे वजनच होय.

जुलै १९५७ ते डिसेंबर १९५८ हा काळ जगभर आंतरराष्ट्रीय भूभौतिकी वर्ष म्हणून साजरा झाला. या निमित्ताने अ‍ॅना मणी यांनी भारतात सौर प्रारण मोजणाऱ्या केंद्रांचे जाळे उभारले. प्रारंभी युरोपातून महागडी उपकरणे आणावी लागली. परंतु लवकरच त्यांनी पुण्याच्या कार्यशाळेत प्रारणमापक उपकरणांची रचना आणि निर्मिती सुरू केली. प्रत्येक उपकरण केंद्राकडे रवाना होण्यापूर्वी प्रमाण उपकरणाशी ताडून पाहिले जाई. या कामात चमकदार असे काही नव्हते. रोज तेच वाचन, तीच नोंद, तोच पडताळा. घुमटावर बसलेली धूळसुद्धा आकडा खोटा करू शकते, म्हणून काच रोज पुसायची. विज्ञानाची इमारत अशा पुसलेल्या काचांवर उभी असते, हे त्यांनी आपल्या सहकाऱ्यांना आचरणातून शिकवले.

१९६० च्या सुमारास त्या वातावरणातील ओझोनकडे वळल्या. ओझोनची छत्री हा सामान्य माणसाच्या बोलण्यातला विषय होण्याच्या कितीतरी आधीची ही गोष्ट. फुग्याला बांधून आकाशात सोडता येईल असे ओझोनमापक उपकरण त्यांच्या मार्गदर्शनाखाली भारतात तयार झाले. आंतरराष्ट्रीय ओझोन आयोगावर त्यांची निवड झाली. १९६३ मध्ये डॉ. विक्रम साराभाई यांच्या विनंतीवरून त्यांनी थुंबा येथील अग्निबाण प्रक्षेपण केंद्रावर हवामान वेधशाळा आणि उपकरणांचा मनोरा उभारला. भारताच्या अवकाशयुगाच्या पहिल्या पावलांमागे पुण्याच्या या कार्यशाळेतील शिस्तही होती.

पुढे दिल्लीला त्यांची बदली झाली आणि १९७६ मध्ये खात्याच्या उपमहासंचालक या पदावरून त्या निवृत्त झाल्या. निवृत्तीनंतर त्या तीन वर्षे रामन संशोधन संस्थेत अभ्यागत प्राध्यापक होत्या. ज्या बंगळूरने त्यांना हिऱ्यांचे तेज दाखवले आणि जेथील कामाला पदवीचा शिक्का लाभला नाही, तेथेच त्या मानाने परतल्या. याच काळात त्यांच्या आयुष्यभराच्या कष्टांचे फळ ग्रंथरूपाने समोर आले. भारतातील सौर प्रारणाच्या आकडेवारीचा त्यांचा हस्तग्रंथ १९८० मध्ये आणि भारतावरील सौर प्रारणाविषयीचा दुसरा ग्रंथ १९८१ मध्ये प्रसिद्ध झाला. कथा-कादंबऱ्यांप्रमाणे हे ग्रंथ कोणी उशाशी घेऊन वाचत नाही. त्यांत बहुतांशी आकडे आहेत. पण सौरबंब, सौरचूल किंवा सौर वीजकेंद्र यांची आखणी करणाऱ्या अभियंत्याला आधी हेच आकडे लागतात.

सूर्याच्या उष्णतेने पाणी उकळण्याचा आणि यंत्र चालवण्याचा प्रयोग भारतात नवा नव्हता. मुंबईत नोकरीस असलेल्या विल्यम अ‍ॅडम्स या इंग्रजाने आरशांच्या साहाय्याने तो केला होता आणि १८७८ मध्ये त्यावर पुस्तकही लिहिले होते. प्रयोग झाला, कौतुक झाले आणि तो विसरला गेला. त्याची कारणे अनेक असतील; परंतु शंभर वर्षांनी सौर ऊर्जेचा विचार पुन्हा सुरू झाला तेव्हा अ‍ॅडम्सजवळ नसलेली एक गोष्ट भारताजवळ होती : देशभरच्या उन्हाची नोंदवही. भारताच्या बहुतेक भागात एका चौरस मीटरवर दिवसाला सरासरी ४ ते ७ युनिट इतकी सौर ऊर्जा पडते, हे आज शाळकरी मूलही सांगते. असे वाक्य खात्रीने म्हणता येण्यासाठी कुणीतरी आधी दशकानुदशके काच पुसून वाचन घेतलेले असते.

वारा हेही सूर्याचेच अपत्य. जमीन असमान तापते, हवा वर उठते, तिची जागा घेण्यास दुसरी हवा धावते. अभिसरणाचा तोच पातेल्यातला नियम पृथ्वीएवढ्या आकारात. त्यामुळे सूर्य मोजून झाल्यावर अ‍ॅना मणी यांनी वारा मोजायला घ्यावा, हे ओघानेच आले. ऐंशीच्या दशकात, साठी उलटल्यावर, त्यांनी बंगळूरहून देशभरच्या वाऱ्याचे सर्वेक्षण चालवले. पुढे सातशेहून अधिक ठिकाणी वाऱ्याचे मोजमाप झाले. वाऱ्याचा वेग आणि सौर ऊर्जा मोजणारी उपकरणे बनवण्याचा छोटा कारखानाही त्यांनी बंगळूरमध्ये काढला. आज सातारा जिल्ह्यातील वनकुसवडेच्या पठारावर पवनचक्क्यांच्या रांगा फिरताना दिसतात आणि धुळे जिल्ह्यातील साक्री तालुक्यात १२५ मेगावॉटचे सौर वीजकेंद्र उभे आहे. अशा प्रकल्पांची जागा डोळ्यांच्या अंदाजाने निवडता येत नाही. मोजमापात शंभरात पाचाची चूक झाली, तर कोट्यवधी रुपयांचे गणित त्याच प्रमाणात फसते. चुकीच्या आकड्याविषयी अ‍ॅना मणी इतक्या कठोर का होत्या, हे येथे उमगते.

१९८७ मध्ये भारतीय राष्ट्रीय विज्ञान अकादमीने त्यांना के. आर. रामनाथन पदक देऊन गौरवले. त्यांनी विवाह केला नाही. निसर्गात भटकणे, पक्षी पाहणे, संगीत आणि वाचन यांत त्या रमत. १९९४ मध्ये त्यांना पक्षाघाताचा झटका आला आणि त्यानंतरची वर्षे त्यांना अंथरुणाशी जखडून काढावी लागली. १६ ऑगस्ट २००१ रोजी तिरुवनंतपुरम येथे त्यांचे निधन झाले. ८३ वर्षे पूर्ण व्हायला अवघे सात दिवस उरले होते.

स्त्री असल्यामुळे आपल्या वाट्याला विशेष काही आले, असे मानायला त्या तयार नसत. आपण भौतिकशास्त्र निवडले यात नवल ते काय, असाच त्यांचा भाव असे. हे त्यांचे मोठेपण. पण त्यामुळे वस्तुस्थिती झाकली जात नाही. आठ भावंडांतील मुलींपुढे विवाहाची एकच वाट असताना एका मुलीने दुसरी वाट मागितली आणि घरच्यांनी ती अडवली नाही, म्हणून देशाला ही शास्त्रज्ञ लाभली. आज आपल्या कन्यांना विज्ञान शाखेकडे पाठवणाऱ्या पालकांनी हा भाग विशेष ध्यानात घ्यावा. त्या घराने फार मोठा त्याग केला असे नाही. त्याने दागिन्याऐवजी पुस्तक मागणाऱ्या मुलीचे म्हणणे ऐकले, एवढेच. आणि ज्या विद्यार्थ्यांच्या वाट्याला एखादी पदवी, एखादे पारितोषिक, एखादी जागा हुकल्याचे दुःख आले असेल, त्यांनी त्या न स्वीकारलेल्या प्रबंधाकडे पाहावे. विद्यापीठाने एक पदवी राखून ठेवली. अ‍ॅना मणी यांनी मात्र देशाला आपले ऊन, आपला वारा आणि ते खरेपणाने मोजण्याची शिस्त देऊन टाकली. आणि ती देताना त्यांनी काहीच राखून ठेवले नाही.